वर खाली नाही

सूर्यावर वादळ उठले, की आमचे घरमालक भाऊसाहेब जिन्याखालचा मेन स्विच बंद करीत. मग पहिल्या पायरीवर उभे राहून, किल्ल्यावरून दवंडी द्यावी तशा आवाजात सांगत, “स्वारी आली आहे! तट शाबूत आहे! कोणी घाबरू नये!”

घाबरत कोणीच नसे. चिडत मात्र सगळे. कारण ही स्वारी नेमकी सकाळच्या घाईत येई. माझ्या पत्नीची चटणी मिक्सरमध्ये अर्धी भरड राही, पाण्याची मोटर टाकी भरता भरता थबके, आणि समोरच्या बिऱ्हाडातले शर्माजी गालांना साबण तसाच ठेवून बाहेर येत.

“भाऊसाहब, फिर? अब क्या टूट पड़ा?”

“सूरज, शर्माजी. सूरज टूट पड़ा है.”

ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या त्या घरात आम्ही अनेक वर्षे भाड्याने राहतो. तळमजल्यावर आम्ही आणि शर्माजी, मधल्या मजल्यावर भाऊसाहेब, आणि गच्चीवर त्यांच्या मुलीची, नीलूची, एकच खोली. भाऊसाहेबांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि इथलेच झाले. स्वतः भाऊसाहेबांनी मात्र तलवारीऐवजी खडू उचलला. शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि निवृत्तीनंतर एकाएकी ते अंतराळाकडे वळले. वळताना इतिहास सोबत घेऊन गेले, एवढेच.

पृथ्वीभोवती चुंबकीय कवच असते, हे आपण शाळेत शिकून विसरलेले असतो. भाऊसाहेबांच्या लेखी तो किल्ल्याचा तट होता. सूर्याकडून अखंड सुटणारे कण म्हणजे वेढा घालणारी फौज, आणि दोन्ही ध्रुव म्हणजे तटाचे दोन दरवाजे. तिथून थोडे शिपाई आत शिरतात आणि आकाशात रंगीत उजेड पडतो. सूर्याच्या वाटेवर नेऊन ठेवलेल्या यानांना ते ‘नजरबाज’ म्हणत. म्हणजे फौजेच्या पुढे राहून शत्रूची खबर देणारे. ही खबर त्यांच्या मोबाइलवर येई, आणि आमची वीज जाई.

इतर ग्रहांचीही त्यांनी अशीच दरबारी व्यवस्था लावली होती. गुरू मोठा जहागीरदार, त्याच्या तटाला अंत नाही. बुधाची नुसती गढी; जोराचा हल्ला आला, की शिपाई थेट अंगणात. आणि मंगळ? “त्याचा तट पडला हो! मग हवा लुटली गेली, पाणी गेलं. आता जमिनीवर नद्यांच्या नुसत्या खुणा. यानं तेवढ्या बघत फिरतात.” आमच्या भाचीच्या पत्रिकेत मंगळ निघाला, तेव्हा सगळे चिंतेत असताना हे म्हणाले, “ज्याला स्वतःचं घर राखता आलं नाही, तो तुमच्या पोरीचं काय बिघडवणार?” मुलाकडची मंडळी समोरच बसली होती. ते स्थळ गेले. भाची अजूनही त्यांचे आभार मानते.

पण त्यांचा खरा हट्ट एका शब्दापाशी होता. महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवे, की आमच्या ग्वाल्हेरी मराठीत ‘खाली’ या शब्दाची दोन बिऱ्हाडे आहेत. खाली म्हणजे तळाशी, हे तुमचे. आणि खाली म्हणजे रिकामे, हे हिंदीच्या शेजाराने आलेले. ‘डबा खाली झाला’ असे आम्ही सर्रास बोलतो. मात्र आकाशाकडे बोट दाखवून कोणी “वर तर सगळं खाली आहे” म्हणाले, की भाऊसाहेब रस्त्यात थांबत. “कोण म्हणतं? वर खाली नाही! कणांचा वारा वाहतोय तिथे, रात्रंदिवस!” खोलीसाठी येणाऱ्या दलालालाही हेच उत्तर मिळे.

“बाबूजी, ऊपर खाली है क्या?”

“ऊपर खाली नहीं है.”

नीलूला कॅनडाच्या उत्तर टोकाला जाऊन तोवर बरीच वर्षे झाली होती. खोलीला कुलूप होते, तरी तिथला केर रोज निघत असे.

एका भाद्रपदात शर्माजींचा संयम संपला. तीन दिवसांत दोनदा वीज गेली होती, आणि दुसऱ्यांदा त्यांच्या घरी पाहुणे न्हाणीघरात होते. “बस! अब मेन स्विच पर ताला लगेगा. वैद्य साहब, आप ही कह दीजिए. आप मराठी लोग आपस में समझ लेंगे.” मला दोन माणसांसमोर बोलायचे तरी घाम फुटतो, म्हणूनच बहुधा अशी कामे माझ्याकडे येतात. पुढची स्वारी आली, तशी मनात वाक्ये जुळवत मी जिना चढलो.

भाऊसाहेब त्यांच्या मजल्यावर नव्हते. गच्चीवरच्या खोलीचे दार उघडे होते. पंखा बंद, सदरा घामाने भिजलेला. ते नीलूच्या पलंगाच्या कडेला बसले होते, आणि समोर फोन ठेवला होता. घर इतके शांत होते, की फोनमधला शब्दन् शब्द मला दारात ऐकू आला.

“बाबा, आत्ता हिरवा पडदा आहे. हलतोय. कडेला गुलाबी होतंय.”

“उत्तर दरवाजा उघडला म्हणायचा!”

“उघडला. पण तट शाबूत आहे.”

भाऊसाहेब लहान मुलासारखे हसले. मग दोघे मंगळाच्या कोरड्या नद्यांवर बोलत राहिले. फोन संपल्यावर त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले.

“बसा, वैद्य. हे कानातलं यंत्र माहीत आहे ना तुम्हाला? मोटर आधी ऐकवतं, मिक्सर नंतर, आणि माणूस सगळ्यात शेवटी. तिची रात्र म्हणजे आपली सकाळ. वीज बंद केल्याशिवाय पोरीचा आवाज पोचत नाही.”

“पण फोन तर कधीही करता येतो,” मी म्हणालो.

“येतो की. जेवलात का, जेवलो. हवा कशी, बरी. संपलं. आम्ही दोघंही तुमच्यासारखेच, बोलण्यात कच्चे. वादळ आलं, की मात्र ती आपणहून करते आणि ठेवत नाही.” ते पलंगावरची चादर सारखी करू लागले. “ती हे शिकायला निघाली, तेव्हा मी म्हणालो होतो, वर काय बघणार आहेस, वर तर सगळं खाली आहे. ती बॅग भरत राहिली. विमानात बसल्यावर तेवढा एक मेसेज आला. ‘बाबा, वर खाली नाही.’ मग मी शिकायला बसलो.”

मी जुळवलेली वाक्ये तशीच घेऊन खाली आलो. शर्माजींना सांगितले, की स्वारी आलेली असताना वीज चालू ठेवणे टीव्हीच्या जिवाला फार धोक्याचे असते. मी सहसा काही बोलत नसल्यामुळे माझ्यावर विश्वास चटकन बसतो. कुलूप लागले नाही. उलट पुढच्या वेळेपासून शर्माजी स्वतःच ओरडू लागले, “भाऊसाहब, जल्दी कीजिए!”

गेल्या वर्षी नीलू येऊन भाऊसाहेबांना घेऊन गेली. निघताना ते म्हणाले, “आता दरवाज्यावरच पहारा.” घराच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. मिक्सर विनाखंड चालू लागला, टाकी वेळेवर भरू लागली. चटणी आता बारीक होते, आणि ती कोणाला आवडत नाही.

परवा वादळाची बातमी आली. मी कोणाला न विचारता मेन स्विच बंद केला. शर्माजी बाहेर आले आणि माझ्याकडे पाहून पायरीवर बसले. थोड्या वेळाने फोन वाजला.

“वैद्य! आज लाल आहे, लाल! सगळं आकाश! तट शाबूत ना?”

“शाबूत आहे, भाऊसाहेब.”

“आणि वर?”

मी जिन्यातून गच्चीच्या दाराकडे पाहिले.

“वर... वर खाली आहे, भाऊसाहेब.”

मी वाट पाहिली. पण त्यांनी माझी चूक दुरुस्त केली नाही.