तिसऱ्या मजल्यावरचं कोर्ट

देवस्थळी सरांना "चहा घेणार का?" असं विचारलं, तर ते हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, "निकाल राखून ठेवतो." आपण वैतागून आपल्यापुरताच चहा टाकतो. तो उकळला की सर जाहीर करतात, "बाजूने लागला."

मी पनवेलच्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. हे पद कुणालाच नको होतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं, आणि पदाबरोबर तिसऱ्या मजल्यावरचे सरही. त्यांनी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या पेपरला शेवटी चिकटवलेला विषय तो! बाकीचे शिक्षक त्याचा तास खुशाल गणिताला देऊन टाकायचे. सरांनी कधी दिला नाही. आता वर्ग उरला नाही, म्हणून आम्ही.

नोटीस बोर्डावर काहीही लावा, संध्याकाळपर्यंत खाली लाल पेनाने शेरा येतो: 'उपविधींशी विसंगत. रद्दबातल.' पार्किंग रद्दबातल, पाण्याची वेळ रद्दबातल. एकदा तर होळीची जागा रद्दबातल झाली.

मी स्वयंपाकघराची भिंत पाडायला काढली, तेव्हा सरांनी मला जिन्यात गाठलं. माझ्या हातात दुधाच्या पिशव्या, वर मिस्त्री खोळंबलेला.

"सेक्रेटरीबाई, तेरा न्यायमूर्तींचा खटला माहितीये?"

"सर, दूध नासेल हो."

"सरकारचं म्हणणं, संसदेत बहुमत आहे ना, मग घटनेत वाटेल ते बदलता येईल. तेरा न्यायमूर्ती बसले. सात एका बाजूला, सहा दुसऱ्या. निकाल काय? भिंती पाडा, खिडक्या फोडा, पण कॉलमला हात लावायचा नाही! आणि लावलाय की नाही, ते कोर्ट तपासणार. याला म्हणतात न्यायालयीन पुनर्विलोकन."

"मी कॉलम पाडत नाहीये!"

"ते तपासावं लागेल," म्हणत सर चपला काढून माझ्या घरात शिरले. मिस्त्री जेवायला बसला तरी हलले नाहीत.

पण कहर झाला तो परवाच्या सभेत. लॉबीत नवीन फरश्या बसल्या आणि काही मंडळींना वासाचा त्रास सुरू झाला. ठराव आला: मासेवालीला गेटच्या आत बंदी. मासेवाली म्हणजे उरणची हिराबाई. तिचा आवाज पळस्प्यापर्यंत जाईल असा. सर शुद्ध शाकाहारी, तिची पाटी दिसली की नाकाला रुमाल लावणारे. आणि उठले कोण तिच्या बाजूने? सरच!

"ज्या बाईला इथे मत नाही, तिच्याविरुद्ध बहुमत कसलं मोजता?" इथून सुरू झाले ते थेट तेरा न्यायमूर्तींपर्यंत. तिकडे वडे गार होत होते. मी मात्र पहिल्यांदाच मन लावून ऐकलं, कारण माझ्या पापलेटांचा प्रश्न होता.

मतदान झालं. दोन्हीकडे सारखी मतं. सरांचा हात खालीच!

"अहो सर, हात वर करा की!"

"मला मत देता येणार नाही. या प्रकरणात माझा हितसंबंध आहे."

"तुम्ही मासे खात नाही, कसला डोंबलाचा हितसंबंध?"

"तो उघड करणं बंधनकारक नाही." सर खाली बसले. अध्यक्षांनी आपलं जादा मत टाकलं आणि ठराव मंजूर झाला. माझा इतका संताप झाला, की मी त्यांना वड्याची बशीसुद्धा दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर आरडाओरडा. वॉचमनने हिराबाईला अडवलेलं, आणि ती तिथूनच वर तोंड करून ओरडत होती, "मास्तर! हायेस ना रं?"

मी तणतणत खाली गेले. "हिराबाई, ठराव झालाय. आणि सर कुठे मासे घेतात तुझ्याकडून?"

"मासं कोन इकतंय त्याला? बायको गेली तवापासून एकटाच हाय तो. न्हाणीत पडला व्हता, कुनाला पत्ता नाय. तवाधरनं मी रोज बेल मारते. 'आहे' बोलला की जाते पुढं." तिने परत हाक मारली. वरून काही नाही. पुन्हा मारली. तिचा चेहरा उतरला.

"सोडा तिला," मी वॉचमनला म्हणाले. पाटी गेटवरच टाकून ती जिना चढली, मी मागोमाग. ती बेलवर बोट ठेवतेय तोच दार उघडलं. दाराला लागूनच खुर्ची होती. सर इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून तयार.

"आहे," ते म्हणाले.

"मेल्या, जीव घेतलास माझा!" हिराबाईने पदराने घाम पुसला आणि त्यांच्याच खुर्चीत बसून पाणी मागितलं. सर लगबगीने आत गेले. मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात.

"एवढ्या हाका मारल्या तिने, ऐकू आल्या नाहीत?" मी खेकसले.

"आल्या ना," पेला भरता भरता सर हळूच म्हणाले. "पण खिडकीतून उत्तर दिलं असतं, तर ती तिथूनच परत गेली असती."