अस्सल मुलगा ओळखण्याची कार्यपद्धती

सरकारी माणूस अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होतात त्या दिवशी संध्याकाळी पावणेसहापर्यंत सर्वज्ञ असतो, आणि पावणेसहा वाजून एक मिनिटाला त्याला काहीही कळेनासं होतं, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. (शिपायांना ही सवलत साठीपर्यंत आहे.) म्हणूनच निवृत्त माणसाला सूचना देणं हे समाजाचं कर्तव्य ठरतं. मुलगा देतो, सून देते, बँकेतली पोरगी देते, आणि बाकी कुणी नसलं तर लिफ्टमधली पाटी देते.

सावळीराम दोंदे एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. (कोणत्या खात्यातून, ते सांगत नाहीत. सूचना क्रमांक चार: वैयक्तिक माहिती उघड करू नये.) नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ दुसऱ्या मजल्यावर ते, त्यांच्या पत्नी नवसाबाई आणि त्यांचा डावा गुडघा असे तिघं राहत. मुलगा महेश बंगळुरूला होता.

आता झालं असं, की त्यांच्या 'सायंतारा ज्येष्ठ नागरिक मंडळा'ने 'सुखकर निवृत्ती: त्रेसष्ट व्यावहारिक व तांत्रिक सूचना' ही पुस्तिका काढली. इतर सभासदांनी ती डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली. सावळीरामांनी मात्र अंमलबजावणी केली. मोबाइलवरची अक्षरं मोठी करावीत म्हटल्यावर त्यांनी ती इतकी मोठी केली की पडद्यावर एका वेळी दोनच मावायची, आणि एक 'शुभ सकाळ' वाचून होईस्तोवर नाश्ता व्हायचा. पासवर्ड कुठेही लिहू नये म्हटल्यावर त्यांनी तो एका वहीत लिहून वर ठळक मथळा दिला, 'या वहीत काहीही लिहिलेले नाही.' चौतीस वर्षांच्या नोकरीत नियम मोडला नाही, तो आता काय मोडणार!

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवनाथ कांडेकर फसले. कांडेकर म्हणजे मंडळाचे सहचिटणीस. त्यांना पुतण्याच्या आवाजात एक फोन आला आणि तो सत्तेचाळीस मिनिटं चालला. काय गेलं ते कांडेकर सांगत नाहीत, पण त्या सत्तेचाळीस मिनिटांबद्दल भरभरून बोलतात. "माणूस चोर होता हो," ते बाकावर बसून म्हणाले, "पण ऐकून घेत होता. मूळव्याधीचं सगळं सांगितलं त्याला."

प्रकरण गंभीर होतं. मंडळाचे अध्यक्ष वाल्मीक गायखे सर (मुख्याध्यापक, निवृत्त) यांनी तातडीने त्रिसदस्यीय समिती नेमली. सावळीराम निमंत्रक. त्यांनी लगोलग लांब पानांचं रजिस्टर आखलं: दिनांक, कोणाचा फोन, किती वेळ, विषय, शेरा. तीन महिने सभासदांनी आपापले फोन नोंदवले. एकूण दोनशे चौदा. निष्कर्ष असे निघाले की समितीच अवाक् झाली.

भामट्यांचा फोन सरासरी बावीस मिनिटं चालतो. सख्ख्या मुलाचा अडतीस सेकंद. भामट्यांनी 'जेवलात का' विचारलं: शंभर टक्के. मुलांनी: चार टक्के (त्यातल्या निम्म्यांना ते सासऱ्यांना विचारायचं होतं, फोन चुकून इकडे लागला). भामट्यांनी मध्येच 'नंतर करतो' म्हणून फोन ठेवला: एकदाही नाही. मुलांनी: ब्याण्णव टक्के. आणि 'नंतर' म्हणून खरोखर नंतर फोन केला, या रकान्यात समितीने आडवी रेघ मारली.

मग काय, परिपत्रकच निघालं. संशयास्पद फोन ओळखण्यासाठी गुण ठरले. जेवणाची चौकशी, दोन. तब्येतीची चौकशी, दोन. आपलं बोलणं पूर्ण होऊ देणं, तीन. 'आणखी काय म्हणता' असं आपणहून विचारणं, तीन. पाचाच्या वर गुण गेले की फोन बंद करून नंबर ब्लॉक करावा. 'मी भेटायला येतो' असं म्हणाल्यास गुण मोजत बसू नये, थेट पोलिसांना कळवावं. अस्सल मुलाची खूण एकच: तो घाईत असतो.

"आणि लेकींचं काय?" कुसाबाईंनी सभेत विचारलं. कुसाबाई भाजीबाजारातून उठून मंडळात आलेल्या, त्यामुळे मुद्द्याचं विचारायच्या. लेकींचे फोन लांबतात, तब्येतीचंही विचारतात, सबब त्या सरसकट संशयित ठरतात, असं सावळीरामांनी स्पष्ट केलं.

"मंग मला फसू द्या," कुसाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांचं मत इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

इकडे सावळीरामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन चौदा तारखेला ठरलं. त्यांनी महेशला तीनदा कळवलं. पहिल्यांदा उत्तर आलं, 'बघतो.' दुसऱ्यांदा, 'बघतो ना बाबा.' तिसऱ्यांदा नुसता अंगठा आला. सावळीरामांनी तो अंगठा फाइलला लावला. आता खरं सांगायचं तर ते घाबरले होते. पोरगा उशाशी असावा असं त्यांना फार वाटत होतं, पण चौतीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी कधी अर्ज केला नव्हता, आणि चौथं स्मरणपत्र पाठवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

अकरा तारखेला दुपारी फोन वाजला. नाव महेशचं, फोटोही महेशचा.

"बाबा, जेवलात का?"

सावळीराम सावरून बसले. "कोण बोलतंय?"

"अहो, मी महेश. गुडघा कसा आहे?"

चार झाले. सावळीरामांनी मुद्दाम गुडघ्याची साद्यंत हकीकत सुरू केली, अगदी सिन्नरच्या वैद्याच्या लेपापासून. पलीकडचा माणूस नऊ मिनिटं हूं हूं करत राहिला. सात! शेवटी तो म्हणाला, "मी येतोय बाबा. दहा दिवसांची रजा टाकलीय. ऑपरेशनला मी आहे, तुम्ही काळजी करू नका."

सावळीरामांच्या अंगावर काटा आला. काय ही हिंमत! त्यांनी फोन बंद केला, नंबर ब्लॉक केला, खबरदारी म्हणून नवसाबाईंच्या फोनवरूनही केला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: 'सावधान. आवाज हुबेहूब. शेवटी गळा दाटून आल्याचे सोंगही उत्तम जमवले होते.'

"आवं, त्यो आपला म्हेशच व्हता," नवसाबाई म्हणाल्या.

"आपला महेश कधी दहा दिवस म्हणालाय?"

नवसाबाईंनी आठवून पाहिलं. बराच वेळ आठवून पाहिलं. "ते बी खरंच," म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

तेरा तारखेला सकाळी दारावरची बेल वाजली. बाहेर बॅग घेऊन महेश उभा. सावळीरामांनी साखळी न काढता चार बोटं दार उघडलं. (सूचना क्रमांक एकोणपन्नास: हल्ली चेहराही बनवता येतो.)

"बाबा! किती वाळलात हो!" महेश म्हणाला आणि त्या चार बोटांच्या फटीतून पाया पडायला वाकला. संशय बळावला. सावळीरामांनी आतूनच गायखे सरांना फोन लावला.

"घाईत आहे का तो?" सरांनी विचारलं.

"नाही सर. अगदी निवांत उभा आहे. कितीही वेळ थांबतो म्हणतोय."

"मग उघडू नका."

नवसाबाई दाराच्या फटीतून पोराला पाणी देत होत्या, गुळाचा खडा देत होत्या, आणि "लय झालं तुमचं, उघडा म्हंते ना मी!" असं नवऱ्याला सुनावत होत्या. सावळीराम डळमळले होते, नाही असं नाही. पण परिपत्रकावर सही त्यांचीच होती. अशी पंचवीस मिनिटं गेली. मग महेशचा फोन वाजला. "हो सर, पाच मिनिटांत जॉइन होतो," असं ऑफिसातल्या साहेबांना सांगून तो दाराकडे वळला आणि खेकसला, "काय लावलंय बाबा हे? मला वेळ नाहीये, उघडा पटकन!"

खळ्ळकन् साखळी निघाली. सावळीरामांनी त्याला मिठीच मारली. "तूच रे! तूच!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मीटिंग लावून महेश सोफ्यावर टेकला आणि समोर पडलेलं रजिस्टर सहज चाळू लागला. रविवार, महेश, एकेचाळीस सेकंद, विषय: ट्रॅफिक, शेरा: अस्सल. रविवार, महेश, एकोणीस सेकंद, विषय: नंतर करतो, शेरा: अस्सल. पुढच्या रविवारी फोन नाही, शेरा: निर्विवाद अस्सल. अक्षर सुरेख होतं, कुठे खाडाखोड नव्हती. फोनमधून कुणीतरी 'महेश, आवाज येतोय का' असं विचारत राहिलं. महेशने फोन बंद केला.

चौदाला ऑपरेशनच्या खोलीत नेण्याआधी तो वडिलांचा हात धरून बसला होता. "तू जा," सावळीराम म्हणाले, "तुझं काही काम असेल."

"काही काम नाही बाबा. आणखी काय म्हणता?"

तीन गुण. सावळीरामांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. मग त्यांना कुसाबाई आठवल्या आणि त्यांनी हात तसाच राहू दिला.

महेशचं प्रकरण समितीने 'अपवाद, निरीक्षणाखाली' असं नोंदवलं आहे. परिपत्रक मात्र कायम असून नाशिकबाहेरच्या मंडळांकडूनही त्याला मागणी आहे. तेव्हा हे वाचून कुणाला आज वडिलांना फोन करावासा वाटलाच, तर कृपया सबुरीने घ्यावं. एकदम 'जेवलात का' विचारू नये. गेल्या आठवड्यात तीन खरीखुरी मुलं याच पायी ब्लॉक झाली. सुरुवात नेहमीसारखीच करावी: 'हं, बोला, काय काम होतं?' तेवढ्यावर ते तुम्हाला ओळखतील.