सतरा नंबरचा बिल्ला

भोयरांच्या क्वार्टरमध्ये शिरायचं असेल तर अंगावरची निदान एक वस्तू उतरवून बाहेर टांगावी लागे. टोपी, गमछा, छत्री, भाजीची थैली, काहीही चाले. पण काहीच न टांगता आत गेलेला माणूस भोयरांना खपत नसे. व्हरांड्यात त्यांनी ओळीने आठ खुंट्या ठोकल्या होत्या. वस्तू टांगली की ते डालड्याच्या डब्यातून कापलेला, खिळ्याने नंबर कोरलेला एक पत्र्याचा बिल्ला हातात देत. जाताना बिल्ला परत केला की वस्तू मिळे. एकदा मे महिन्याच्या दुपारी मी नुसत्या बनियन-पायजम्यावर त्यांच्याकडे बर्फ मागायला गेलो, तर भोयर दारात आडवे.

"काहीतरी टांगा, भाऊ."

"काय टांगू? कातडी?"

"रुमाल टांगा. तिकडं असं नाही चालत."

तिकडं म्हणजे रशियात. भिलाईचा कारखाना उभा राहत असताना आमच्या खात्यातून सहा जणांना मॅग्निटोगोर्स्क नावाच्या पोलादाच्या शहरात शिकायला पाठवलं होतं. भोयर त्यातले सहावे. सातवं नाव माझं होतं. आम्ही दोघं भंडाऱ्याकडचे, एकाच दिवशी कामाला लागलेले, एकाच भट्टीसमोर भाजून निघालेले. फॉर्मसुद्धा मीच त्यांना भरून दिला होता, आणि माझ्यापेक्षा त्यांचा चांगला भरला होता, हे दुःख मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आठ महिन्यांनी ते परत आले आणि माझी झोप उडाली. तिकडं ट्राममध्ये चिडीचूप बसून लोक पुस्तकं वाचतात. तिकडं बाया क्रेन चालवतात. तिकडं नदी गोठते आणि म्हातारे तिला भोक पाडून मासे धरतात. तिकडं चहा काचेच्या पेल्यात, बाजूला मुरंबा. शिफ्ट संपल्यावर सगळे भोयरांच्या भोवती आणि मी लांब विडी ओढत. मी म्हणायचो, "गोठलेल्या नदीत मासे जगतील कसे? थापा मारून राहिला तो." कोणी ऐकत नसे.

घरीही सुटका नव्हती. एकदा मी जेवताना काहीतरी तक्रार केली, तर बायको म्हणाली, "भोयरभाऊ रशियाले जाऊन आले. तुमी खुर्सीपारच्या बजारले जाऊन वांगे तरी आणा."

मला सगळ्यात जास्त राग होता त्या खुंट्यांचा. भोयर सांगत, तिकडं प्रत्येक इमारतीच्या दारात गार्डरोब असतो. तिथल्या बाईकडे ओव्हरकोट द्यायचा, नंबरचा बिल्ला घ्यायचा, मगच आत. कोटासकट आत जाणं म्हणजे चपला घालून देवघरात जाण्यासारखं. इथवर ठीक. पण कोटाचं दर्शन वर्षातून दोनदा होणाऱ्या भिलाईत हा देखावा कशाला? मी वैतागून एकदा त्यांच्या खुंटीला फाटके मोजे टांगले. भोयरांनी मला शांतपणे चार नंबरचा बिल्ला दिला.

दोन वर्षांनी दुसरी यादी लागली. यादीत पहिलं नाव माझं होतं! मी नोटीस बोर्डावरून सरळ भोयरांकडे गेलो. पेढे नेले नव्हते. मला त्यांचं तोंड गोड करायचं नव्हतं, पाहायचं होतं.

"झालं का?" एवढंच ते म्हणाले. मग आत जाऊन ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात एक रुमाल होता आणि रुमालात खराखुरा पितळी बिल्ला. नंबर सतरा.

"हा तिले देऊन देजा."

"कोणाले?"

"वेराबाई म्हणून आहे. कारखान्याच्या कॅन्टीनच्या दारात कोट घेते." मग ते खाली बसले. "माह्या कोटाले आतून टांगायची पट्टी नव्हती, भाऊ. दिल्लीचा कोट तो. पट्टी नसली का तिकडं भल्ले रागावतात. पयल्या दिवशी ती मले एवढी बोलली, एवढी बोलली का मागची सारी लाइन पाहून राहिली. मंग स्वतःच सुई घेऊन बसली, पट्टी लावून दिली. अन् दुसऱ्या दिवशी कान उघडे दिसले म्हणून रागावली. तिसऱ्या दिवशी जेवलो नाही म्हणून."

"मंग तुमी काय म्हणत होते?"

"मी काय म्हणतो? मले एक शब्द समजे तं ना. मी मुंडी खाली घालून उभा राहो."

दोन वर्षं ट्राम, क्रेन, नदी सगळं सांगून झालं होतं. वेराबाईंचं नाव त्यांनी एकदाही काढलं नव्हतं.

"शेवटच्या दिवशी तिनं बिल्ला न मागताच कोट दिला. ओळखत होती ना. घरी आल्यावर पाहतो तं बिल्ला खिशात. तिले वरच्यांनी विचारलं असन ना, सतरा नंबर कुठं गेला म्हणून?" मग बिल्ल्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "मी काकाच्या घरी वाढलो, भाऊ. तिथं मारत होते. रागावत कोणी नव्हतं."

मी बिल्ला खिशात टाकला. वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण खरं सांगतो, त्याच्या खाली हेवा तसाच होता.

माझ्या कोटाला पट्टी लावल्याशिवाय भोयरांनी मला सोडलं नाही. बायकोने दुहेरी दोऱ्याने ती शिवली. शिवण पक्की आहे का हे पाहायला भोयर कोटाला लोंबकळायचेच बाकी होते.

मॅग्निटोगोर्स्कमध्ये पहिला धक्का हा, की सगळं भोयर म्हणाले होते तसंच होतं. म्हातारे खरोखर बर्फात भोक पाडून मासे धरत होते. कॅन्टीनच्या दारात जाडजूड, चष्मा लावलेल्या वेराबाई होत्या. मी पितळी बिल्ला पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, आणि मग जी सुरुवात केली! बोट नाचवत, टेबलावर बिल्ला आपटत, मध्येच डोळे पुसत. मागे रांग खोळंबली. आमचा दुभाषा हसत म्हणाला, "दोन वर्षं पुठ्ठ्यावर सतरा लिहून काम चालवते आहे म्हणते. आणि विचारते, तो मुलगा आता तरी कान झाकतो का?"

भिलाईत कान झाकण्याची वेळ येत नाही, हे मी सांगितलं नाही. झाकतो म्हणालो.

मग त्यांनी माझा कोट घेतला, कॉलरच्या आत पट्टी चाचपली, मजबूत आहे असं पाहून मान हलवली आणि कोट टांगला. मला अवाक्षर बोलल्या नाहीत.

मी भोयरांना पत्रात चार ओळी लिहिल्या: बिल्ला पोचवला, बाई रागावल्या, तब्येत बरी आहे त्यांची. उत्तर यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत दुभाषा कामापुरता असे. लोक भले होते, मान हलवून हसत. पण माझ्याशी बोलण्याचं कोणाला कारण नव्हतं. ट्राममध्ये मीही चिडीचूप बसायला शिकलो. वेराबाई रोज कोट घेत, रोज टांगत.

भोयरांच्या पत्रात भिलाईची खबरबात एका ओळीत उरकली होती. खाली लिहिलं होतं: "वेराबाईचं पुरं लिहा. किती वेळ रागावली? बोट हलवलं का?"

या माणसाचा हेवा करत मी इतक्या लांब आलो होतो आणि तो हेवा आता पुरता उफाळून आला. माझ्यावर रागावणारं त्या अख्ख्या शहरात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या बाहेर, बर्फात उभा राहून मी कोटाची कॉलर उलटी केली. बायकोची शिवण चांगलीच पक्की होती, दातांनी तोडावी लागली. पट्टी खिशात घातली, कानांवरची टोपी मागे सरकवली आणि रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली. वेराबाईंनी कोट घेतला, त्यांची बोटं कॉलरच्या आत चाचपू लागली, थांबली, आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मी मान खाली घातली.