तंतोतंत तीच शेड!

रंग ओळखावा तर मीच! हे मी नाही, पेंटर मंडळी म्हणतात. खाली माझं रंगांचं दुकान, वर घर. गिऱ्हाइकाने पडद्याची चिंधी आणू दे नाहीतर फुटक्या बशीचा तुकडा, मी एक डोळा बारीक करतो, बेसमध्ये चार थेंब टाकतो आणि तंतोतंत तीच शेड डब्यात भरून हातात देतो. फक्त तीन गोष्टींवरून देत नाही. तशी पाटीच लावली आहे दुकानात: ‘जुना फोटो, वाळलेलं पान आणि बायकोने केलेलं वर्णन यांवरून शेड मिळणार नाही.’

तर या रविवारी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. दोन दिवस आधीच मी बायकोला म्हटलं, “माग, काय हवं ते माग!”

ती हॉलमधल्या फोटोकडे बघत म्हणाली, “ते पाजा. त्या दिवशी प्यायले होते ते.”

लग्नानंतर आम्ही समुद्रावर गेलो होतो, तेव्हाचा फोटो. वेटरने काढलेला. मी गुलाबी शर्टात, ती हसतेय आणि तिच्या हातात उंच ग्लास, पुदिन्याची काडी खोचलेला. माझा फार जीव आहे या फोटोवर. गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला मी बेडरूमची अख्खी भिंत फोटोतल्या आकाशाच्या शेडमध्ये रंगवून दिली होती. ती “बरं आहे” म्हणाली आणि तेव्हापासून रोज भिंतीकडे पाठ करून झोपते. आनंद झाला की बायका असंच करतात, अशी माझी समजूत होती.

मेहुणा तिथेच बसला होता. तो एका हॉटेलात बार सांभाळतो. लगेच म्हणाला, “भाऊजी, ती माई ताई असणार!”

“कुणाची?”

“कॉकटेलचं नाव आहे ते! मी आमच्या बारमधल्या पोराकडून बनवून आणतो ना.”

झालं! आमच्या घरात येऊन हा माझ्या बायकोला पाजणार? “काही गरज नाही,” मी गरजलो. “तू फक्त काय काय लागतं ते सांग. आयुष्यभर मिक्सिंगच केलंय मी! नाही जमलं तर या घरात पुन्हा शेड हा शब्द काढणार नाही!”

बायको एकदम ताठ बसली. “काय म्हणालात? परत म्हणा.”

मी परत म्हटलं. तिने भावाला साक्षीदार केलं. पंचवीस वर्षांत तिचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता.

रविवारी चारला मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. रम, लिंबाचा रस, संत्र्याची लिकर, बदामाचं सरबत. सगळं मेहुण्याच्या यादीप्रमाणे, थेंब न चुकता. बर्फ टॉवेलात गुंडाळून लाटण्याने असा बडवला की शेजारीण विचारायला आली, “सगळं ठीक आहे ना घरात?” दोन ग्लास तयार केले, फोटो भिंतीवरून काढून आणला आणि शेजारी धरला.

छे! फोटोत छान लालसर गुलाबी, आणि ग्लासात आपलं सोनेरी! मेहुण्याला फोन लावला.

“चव बघितली का, भाऊजी?”

“चवीचं काय घेऊन बसलास? शेड दोन नंबर पिवळी जातेय!”

“अहो, तसाच असतो तो रंग!”

रंग! मला शिकवतोय! मी फोन ठेवला. एक ग्लास ओट्याच्या कोपऱ्यात सारला, दुसरा मोठ्या पातेल्यात ओतला, वर उरलेली सगळी रम घातली आणि टिंटिंगला बसलो. बिटाचा रस, चार थेंब. कमी पडला. आणखी चार. मग हात सैल सुटला आणि एकदम वांग्याचा रंग! पण घाबरतो कोण? गडद झालं की पांढरा बेस घालायचा, हे तर पहिल्या दिवशीचं शिक्षण. घातलं वाटीभर दूध.

दूध, महाराज! लिंबाच्या रसात! डोळ्यांदेखत सगळं फाटलं. पातेल्यात गाठीच गाठी.

पण गाठी मोडणारं यंत्र माझ्याकडे आहे. खाली दुकानात. वीस लिटरचा डबा तीन मिनिटांत एकजीव करतं. मी पातेलं घेऊन जिना उतरलो, एक कोरा डबा धुऊन घेतला, त्यात सगळं ओतलं, झाकण ठोकलं आणि बटण दाबलं. मशीन घडघडायला लागलं. तीन मिनिटांनी झाकण उघडलं आणि काय सांगू! वर फेस, खाली मऊसूत, आणि शेड? फोटोतली! डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तेवढ्यात आमचा नेहमीचा पेंटर अर्धं उघडं शटर बघून आत वाकला. “शेठ, नवीन माल का?” असं म्हणत त्याने डब्यात बोट घातलंसुद्धा! ते भिंतीवर ओढलं, वास घेतला. “वास एक नंबर! पण पातळ आहे. दोन हात मारावे लागतील.”

“अरे, प्यायचं आहे ते!”

त्याने बोट पँटला पुसलं. मग हळूच म्हणाला, “शेठ, काही टेन्शन आहे का घरी?” त्याला कसाबसा घालवला. त्याचं बोट तेवढं मी मनातून काढून टाकलं.

सहाला मेहुणा आला. मी तिघांचे ग्लास भरले, पुदिना खोचला, फोटो मधोमध टेकवून ठेवला. “बघा! सांगा फरक!”

मेहुण्याने एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. जाऊ कुठे, असं त्या घोटाला झालं असावं. शेवटी गिळून म्हणाला, “भाऊजी... शेड चांगली आलीय.”

मीही घोट घेतला. त्याबद्दल मी बोलणार नाही.

बायकोने ग्लासाला हात लावला नव्हता. “मी मघाशीच प्यायले,” ती म्हणाली.

“काय?”

“ते सोनेरी. ओट्याच्या कोपऱ्यात होतं ते. तुम्ही खाली गेलात तेव्हा गॅलरीत बसून शांतपणे प्यायले. अगदी तीच चव हो! इतकं बरं वाटलं! आणि या वेळी त्या दिवशीसारखं शेजारी बसून हॉटेलच्या भिंतीला कुठला रंग मारलाय, ते सांगायलाही कोणी नव्हतं.”

“पण ती शेड चुकीची होती! हा बघ फोटो!”

तिने फोटो हातात घेतला. “तुमचा शर्ट कुठल्या रंगाचा दिसतोय यात?”

“गुलाबी.”

“तुमच्याकडे गुलाबी शर्ट कधी होता?”

मी आठवून बघितलं. नव्हता. कधीच नव्हता. पांढरा होता, बाहीवर डिस्टेंपरचा डाग असलेला! पंचवीस वर्षं समोरच्या खिडकीतून ऊन खाऊन अख्खा फोटो लालसर झाला होता, आणि दुकानातली ती ‘जुना फोटो’वाली पाटी मी माझ्या हाताने रंगवलेली! मेहुणा उशीत तोंड खुपसून हसत होता.

“म्हणजे... बेडरूमची भिंत?” मी विचारलं.

“आकाश निळं होतं हो त्या दिवशी,” ती म्हणाली. “वर्षभर सांगेन सांगेन म्हणत होते. पण तुम्ही इतके खूश होतात.” आणि तिने माझा हात हातात घेतला. मला भरून आलं. मग तिने त्याच हातात ब्रश दिला.

आज दुकान बंद आहे. मी बेडरूममध्ये शिडीवर उभा आहे, बायको पलंगावर बसून हुकूम सोडतेय. निळा हवाय तिला. माझ्याकडे निळ्याचे एकशे बारा वेगवेगळे डबे आहेत, आणि त्यातला नेमका कुठला ते विचारायला जो शब्द लागतो, तो काढायची मला आता या घरात बंदी आहे.