चंद्रभागाबाई आणि चादरीचा कोपरा

रुग्णसेवा हीच खरी ईश्वरसेवा होय. वसमतच्या आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर हे वाक्य उर्दूत आणि मराठीत मोठ्या अक्षरांनी रंगवलेलं होतं. त्याच भिंतीला पाठ टेकून सुपारी कातरत बसलेल्या चंद्रभागाबाई नर्स मात्र आलेल्या मुलींना सांगायच्या, "ते वाचू नका. देवाला बिछान्यात भांडं द्यावं लागत न्हाई, अन् देव रातच्याला हाका मारत न्हाई. देवाची सेवा सोपी हाय. तीच करायची असंल तर औंढ्याला जा. नागनाथ काई मागत न्हाई."

त्यांचं माहेर औंढ्याचंच. लहानपणी लग्न, लहानपणीच कपाळ पांढरं, मग कुणा डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली हैदराबादेत शिक्षण, आणि शेवटी आमच्या दवाखान्यात नेमणूक. मी शाळामास्तर. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती आणि तीही अर्धी.

पांढरं लुगडं, निळा काठ, खांद्याशी टाचलेलं उलटं घड्याळ आणि अंबाड्यात फुलाच्या जागी थर्मामीटरची नळी. अशा थाटात त्या बाजारातून निघाल्या की लोक वाट देत. बाजारात जाण्याचा त्यांचा उद्देश भाजी हा कधीच नव्हता. त्यांना मुली हव्या असत. अठराच्या आतबाहेरची कुणी चुणचुणीत मुलगी दिसली की त्या तिला थांबवून म्हणत, "आधी हात दाखव."

मुलगी लाजत तळहात पुढं करायची, कारण हात बघणारा माणूस काय सांगतो हे सगळ्या गावाला ठाऊक. बाई तो हात पालथा करीत आणि नखं बघत. "नशीब तिकडल्या अंगाला नसतंय. इकडं असतंय. काप ती नखं अन् सोमवारी दवाखान्यात ये."

सोमवारी सहसा मुलीऐवजी मुलीची आई येई, आणि ती जे बोले ते लिहिण्यासारखं नसे.

पण एखादी खरंच आलीच, तर बाईंच्या सल्ल्याची पेटी उघडे. "शिकून घे, निदान चौथीपतूर. बाटलीवरचं वाचता आलं न्हाई तर फिनेल अन् मिक्श्चर सारकंच." "जेवून कामावर जात जा. उपाशी नर्स पेशंटवर खेकसती." "पेशंटपरीस त्याचे नातलग जास्त आजारी असत्यात. आल्या आल्या सासूला पानी तापवायला बसव. पानी लागो, न लागो." आणि एक सल्ला त्या जरा हळू आवाजात द्यायच्या: "रडू येनारच. येऊ दे. भांडी घासताना रडायचं. तोंड भिताडाकडं असतंय, कुनाला कळत न्हाई."

मोठमोठ्या लोकांची सेवेवरची व्याख्यानं मी वाचली आहेत. त्यांत सासूच्या पाण्याचा उल्लेख कुठंही नाही.

बाईंचा खरा जीव मात्र चादरीत होता. त्यांच्या पडवीत एक लोखंडी खाट होती. तिच्यावर दवाखान्यासारखी गादी, आणि गादीवर कोपरे दुमडून, ताणून खोचलेली पांढरी चादर. त्या स्वतः आत भुईवर वाकळ टाकून झोपत, खाट शिकवण्यासाठी. चादरीची परीक्षा हळकुंडानं व्हायची. आमच्या गावात हळकुंडाला तोटा नाही. चादरीच्या एका टोकाला हळकुंड ठेवून बोटानं टिचकी मारायची. ते गडगडत पलीकडं गेलं तर चादर पास, मध्येच अडलं तर नापास. यापुढची परीक्षा म्हणजे खाटेवर माणूस निजलेला असताना, त्याला न उठवता, खालची चादर बदलणं. त्यासाठी माणूस लागे. तो मी होतो.

"मास्तर, पडा," असा भिंतीवरून आवाज आला की मी जाऊन पडत असे. माझी बायको म्हणायची, "घरात काम सांगितलं तरी पडता, अन् आता पडायलाबी शेजारी जाता."

एकदा कुशीवर वळलेल्या स्थितीतच मी बाईंना विचारलं, की कुणी येत नाही, टिकत नाही, तर हा उद्योग कशासाठी? चादर ओढता ओढता त्या म्हणाल्या, "माजी गरज हाय म्हनून. उद्या मी पडले तर माजी चादर कोन बदलंल? कंपौंडर?" कंपौंडर हा दाराशी बसून डुलक्या घेणारा पोक्त गृहस्थ होता. आम्ही दोघंही हसलो. चादर तेवढ्यात बदलून झाली होती.

एवढ्या वर्षांत तालुक्यातून एकही मुलगी नर्स झाली नव्हती. मग हट्टा गावची कोंडा आली.

कोंडा धनगराची. तिचाही नवरा लग्नानंतर लवकरच तापानं गेला होता, आणि ती बापाच्या, हैबतीच्या, मेंढरांमागं फिरत होती. पायाला कापलं म्हणून दवाखान्यात आली, आणि मलमपट्टी होईपर्यंत शेजारच्या म्हातारीला तिनं पाठीमागून आधार देऊन बसतं केलं. बाईंनी तिची नखं बघितली. मातीनं भरलेली होती. "चालंल," बाई म्हणाल्या. असं त्या म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी तिला वाचायला शिकवलं, बाईंनी चादर. मी इतका पडलो की शाळेत उभ्यानं शिकवणं जड जाऊ लागलं. चादर ताणण्यात कोंडाचा हात जबरा होता. लोकर कातरताना मेंढरू जसं गुडघ्याखाली दाबून धरतात, तशी ती पेशंटला खोचायची. एकदा तिनं मला असं खोचलं की बाहेर काढायला दोघी लागल्या. बाई म्हणाल्या, "अगं, त्याला बरं करायचं हाय, बांधून न्यायचं न्हाई."

अडचण हैबतीची होती. तो पडवीच्या पायरीवर काठी आडवी ठेवून बसायचा आणि एकच बोलायचा. "परक्या मानसाला हात लावनार माजी पोरगी?"

"परक्याची मेंढरं चारता तवा हात लावता का न्हाई?" बाई म्हणाल्या.

"मेंढरू गावभर सांगत न्हाई, बाई."

एरवी बाईंनी त्याच्या बायकोला पाणी तापवायला सांगितलं असतं, पण ती आली नव्हती.

अशात बातमी आली की हैदराबादेहून एक मोठ्या डॉक्टरीणबाई नर्सच्या शिक्षणासाठी मुली निवडायला येत आहेत. तहसीलदारसाहेबांनी लगेच तो समारंभ करून टाकला. दवाखान्यासमोर मांडव, खुर्च्या, हार, आणि नांदेडहून फोटोवाला. साहेबांचं मुख्य भाषण शेवटी. मधल्या वेळात कोंडाची परीक्षा, म्हणजे निजलेल्या पेशंटची चादर बदलून दाखवणं. पेशंट अर्थातच मी. मी नवं धोतर नेसून तयार होतो.

खाट मांडवात आली, फोटोवाल्यानं काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि त्याचं भिंग खाटेच्या दिशेनं वळलं. साहेबांनी ते पाहिलं. फोटोत खुर्च्या येणार नाहीत, खाट येणार आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते उठले. "बस, लेटनाच है ना?" त्यांनी विचारलं, आणि मला हातानं बाजूला केलं.

या साहेबांपुढं माणसं कचेरीत दिवस दिवस उभी राहत. त्यांना आडवं कुणी पाहिलं नव्हतं. कोंडा पुढं आली.

"जोडे काढा," ती म्हणाली.

साहेबांनी जोडे काढले. कोंडानं त्यांना एका कुशीवर वळवलं, जुनी चादर गुंडाळत नेली, नवी सारली, दुसऱ्या कुशीवर घेतलं, ताणली. मग वरून पांघरूण घालून तिनं सवयीनं चारही बाजूंनी खोचलं. साहेब काही बोलू लागले. "पेशंटनं बोलायचं न्हाई," बाई मागून म्हणाल्या. साहेबांनी हात वर काढायचा प्रयत्न केला. पांघरूण हललं नाही. दुपारची वेळ, पोटात मेजवानी, मऊ गादी. थोडी हालचाल झाली, मग कमी झाली, मग मांडवभर संथ घोरणं ऐकू येऊ लागलं.

फोटोवाल्यानं त्याचं काम केलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडाला पदर लावून मान हलवली आणि कोंडाला निवडलं. साहेबांना उठवायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून भाषण राहिलं. मी पाहिलेला तो एकमेव सरकारी समारंभ, जो वेळेत संपला.

हैबती मांडवाच्या कडेला उभा होता. मग बाईंजवळ येऊन म्हणाला, "मागल्या साली ह्या सायबानं मला उन्हात हुबं केलं व्हतं. माज्या पोरीनं त्याला निजवलं. आता हैद्राबादला काहून भ्यायचं?"

कोंडा आगगाडीनं गेली. स्टेशनवर बाईंनी तिला जेवून कामावर जाण्याविषयी सांगितलं, आणि दुसरं काही नाही. मधे काळ वाईट आला, गाड्यांचा भरवसा उरला नाही, सुटीतही ती येऊ शकली नाही. बाईंनी बाजारात मुलींना थांबवणं सोडलं. "एक गेली ना," म्हणायच्या. पडवीतली खाट मात्र रोज आवरत. मी "पडू का?" म्हणून विचारलं, तर "नगं" म्हणाल्या.

निजामाचं राज्य गेलं, भिंतीवरचं उर्दू वाक्य पुसलं गेलं, आणि त्याच हिवाळ्यात बाई तापानं पडल्या. खाटेवर. रोज सकाळी त्या तापातच उठायच्या, भिंत धरून खाटेला वळसा घालायच्या, स्वतःची चादर स्वतः बदलायच्या आणि पुन्हा तिच्यावर पडायच्या. माझी बायको एकदा पुढं झाली, तर बाई म्हणाल्या, "तुमी पानी तापवा." बायको घरी येऊन म्हणाली, "मला सासूच्या कामाला लावलं."

माझं पत्र पोचलं आणि कोंडा आली, दुपारच्या गाडीनं. पांढरा पोशाख, खांद्याशी उलटं घड्याळ. बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "हात दाखव."

कोंडानं हात पुढं केला. पालथा.

बाईंनी नखं बघितली. कोंडानं पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि खाटेपाशी आली. "बाई, ह्या कुशीवर व्हा." आणि ज्या बाईंना कुणाचं ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्या मुकाट्यानं कुशीवर झाल्या. जुनी चादर गुंडाळत गेली, नवी सरकत आली. पुन्हा दुसरी कूस. बाईंचा हात उशाच्या कोनाड्याकडं गेला, हळकुंडाला लागला, आणि तिथून रिकामाच परत आला. त्यांनी डोळे मिटले.

कोंडा कोपऱ्यातलं भांडं उचलून अंगणात गेली आणि भिंतीकडं तोंड करून घासू लागली. बराच वेळ घासत होती. ते भांडं माझ्या बायकोनं मघाशीच लख्ख करून ठेवलं होतं.

मी बाहेर न बघता बसून राहिलो. मला वाटलं, बाईंना झोप लागली. अशा वेळी माणसाच्या मनात गंभीर विचार येतात, तसे माझ्याही येऊ लागले होते.

"मास्तर," बाई डोळे न उघडता हळूच म्हणाल्या, "पायाकडला उजवा कोपरा ढिला हाय. तिला सांगू नका."

मी वाकून पाहिलं. ढिला होता.