तयार मशीनला रेग्यांचा नमस्कार

करी पफ, म्हणजे बटाट्याची तिखट करंजी, खायची जगात एकच पद्धत आहे, अशी माझी समजूत होती. रेगे भेटले आणि ती गेली. सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, हा गृहस्थ गरम करी पफ ताटलीत ठेवतो, शर्टाच्या खिशातून, जिथे तुम्ही-आम्ही पेन लावतो तिथून, एक छोटा स्क्रूड्रायव्हर काढतो, टिश्यूनं पुसतो, पफची कड उचकटतो, आतल्या बटाट्याची हजेरी घेतो, कड दाबून पुन्हा बसवतो आणि मगच खातो. पहिल्या दिवशी स्टॉलवाली बाई इतकी घाबरली, की सरकारी तपासणी समजून तिनं आणखी दोन पफ आणून ठेवले.

"आत काय आहे ते बघितल्याशिवाय वस्तू आपली होत नाही, भाटे," रेगे तोंड भरलेलं असताना म्हणाले.

रेगे आमचे शेजारी. मधे एक भिंत, तीही पातळ. सेम्बावांगला जहाजदुरुस्तीत इंजिनियर. घरातला मिक्सर, पंखा, इस्त्री, सगळं त्यांनी उघडून पुन्हा जोडलंय. दर वेळी एक-दोन स्क्रू उरतात. ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जातात. "कंपनीवाले उगाच जास्त लावतात हो!" जहाज जोडल्यावरही काही उरतं का, हे विचारायचं धाडस मी आजवर केलेलं नाही. मात्र क्रूझवर जायचा विषय निघाला की मला ऑफिसात काम निघतं.

पण त्यांची खरी भक्ती कॉम्प्युटरवर. गेम खेळायच्या कॉम्प्युटरवर. मुलगी मुक्ता शाळेत असताना बाप-लेकीनं जेवणाच्या टेबलावर पहिलं मशीन बांधलं. रेगे 'बांधलं'च म्हणतात, घर बांधतात तसं. एकेक भाग मॉलमधून निवडून आणायचा, आठवडाभर त्यावर चर्चा, मग तो बसवायचा. तोवर रेगेवहिनी जमिनीवर बसून जेवल्या. पुढे दर शनिवारी दोघं मिळून ड्रॅगन मारू लागले. भिंतीपलीकडून मुक्ताचा सिंगापुरी 'लाह' लावलेला आवाज यायचा, "बाबा, पळा! डावीकडे लाह, डावीकडे!" आणि रेग्यांचा गंभीर सूर, "थांब, आधी त्या गुहेच्या आत काय आहे ते बघू."

मुक्ता शिकायला मेलबर्नला गेली. तिथे तिनं तयार मशीन विकत घेतलं.

रेग्यांनी ही बातमी मला ज्या चेहऱ्यानं सांगितली, त्यावरून मला वाटलं पोरगी कुणाबरोबर तरी पळून गेली.

"डब्यातून काढलं, पिन लावली, चालू! याला काय अर्थ आहे, भाटे?"

"अहो, अभ्यास असेल तिला."

"मी फोनवर एवढंच विचारलं, आत काय आहे ते बघितलंस का? पॉवर सप्लाय कुठला? पंखे कसले? अर्धा तास विचारलं. तर म्हणाली, 'बाबा, मशीनच्या आत काय आहे ते विचारलंत. माझं काय चाललंय ते विचारलंत का?' आणि फोन ठेवला."

त्या दिवशी त्यांनी करी पफ न उघडताच खाल्ला. मी खरोखर घाबरलो.

त्यानंतर मुक्ताचा फोन येईना. यांच्या लांबलचक मेसेजला उत्तर म्हणून नुसता अंगठा. वहिनी आईच्या आजारपणासाठी नाशिकला. त्यात रेग्यांच्या मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड जळालं, म्हणजे पडदा काळा. आणि नेमकी त्याच वर्षी ही कार्डं बाजारातून गायब! आभासी नाणी कमावण्यासाठी लोकांनी ती कांद्या-बटाट्यासारखी पोत्यानं उचलली होती. कार्ड मिळे ते फक्त तयार मशीनच्या पोटात. रेगे दर रविवारी मॉल पालथा घालत आणि हात हलवत परत येत. पण तयार मशीन? नाव काढायचं नाही.

नेमका याच सुमारास मला मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायचा झटका आला. स्मिता, म्हणजे आमची ही, म्हणाली, "रेग्यांकडून बांधून घ्या की."

"अगं, ते बांधून होईपर्यंत माझा डोळ्यांचा नंबर वाढेल."

मी तयार मशीन मागवलं. रेगे कामावर असताना फ्रिजएवढं खोकं चोरून वर आणलं. पिन लावली, चालू! काय सांगू तो आनंद! पण मशीन कसलं, लग्नाचा मांडव होता. अंगभर लाल-निळे दिवे पळत होते. आणि संध्याकाळी बेल वाजली. दारात रेगे. पोटच्या पोरीची ज्यांनी गय केली नाही, ते माझी काय करणार? स्मितानं कपाटातला जरीचा शालू ओढून मशीनवर टाकला, मी वर फुलदाणी ठेवली.

शालूतून दिवे झिरपत होते.

"हे काय?" रेगे म्हणाले.

"देवघर," मी म्हणालो. का म्हणालो, ते आतल्या देवालाच ठाऊक. "नवीन आहे. लायटिंगवालं."

रेगे पुढे झाले, हात जोडले, डोळे मिटले. तेवढ्यात आतला पंखा घुंऽऽ करू लागला.

"ओंकार लावलाय वाटतं," ते डोळे मिटूनच म्हणाले.

"हो. अखंड."

स्मिता तोंडाला ओढणी लावून स्वयंपाकघरात पळाली आणि वाटीत साखर घेऊन आली. रेग्यांनी ती प्रसाद म्हणून खाल्ली, हात डोक्यावरून फिरवला आणि गेले. मी सोफ्यावर जो कोसळलो, तो जेवायलाच उठलो.

पुढच्या शनिवारी दुपारी पुन्हा बेल. रेगे. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, हातात हेडफोन.

"मुक्ताचा मेसेज आलाय. 'बाबा, चारला खेळायला येताय?' इतक्या दिवसांनी." त्यांनी हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. "माझ्याकडे कार्ड नाही, भाटे. तुमचं देवघर जरा मिळेल का?"

"म्हणजे तुम्हाला…"

"अहो, देवघराला मागून नेटची वायर जाते का?"

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की शालू मी हवेतच फेकला. तो पंख्याला अडकता अडकता वाचला. रेगे खुर्चीत बसले. गेम नेटवरून उतरत होता, टक्के मुंगीच्या पावलांनी चढत होते आणि रेग्यांचा हात पुन्हा पुन्हा खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे जात होता.

"उघडून बघायचं असेल तर बघा," मी म्हणालो.

"नको," रेगे हात मागे घेत म्हणाले. "बंद पडलं तर?"

चारला मशीन बोललं. यांचा हेडफोन त्याला जोडायचा राहिला होता, त्यामुळे सगळं खोलीभर ऐकू आलं. "हॅलो? बाबा?"

रेग्यांनी घसा साफ केला. आता पंख्यांची चौकशी नको रे देवा, असं मी म्हणतोय तोच ते म्हणाले, "मुक्ता, कशी आहेस?"

पलीकडून हळूच आवाज आला, "बरी आहे. ताप येऊन गेला. एकटीला जरा कंटाळा आला. आता बरी आहे. तुम्हाला कार्ड मिळालं?"

"नाही. भाट्यांचं मशीन आहे. तयार."

"तुम्ही? तयार मशीनवर? आत काय आहे ते बघितलंत?"

"नाही. चालतंय ना, बास. ताप कधी आला होता? डॉक्टरकडे गेलीस?"

"बाबा, ड्रॅगन आलाय लाह!"

"येऊ दे. जेवतेस काय ते सांग आधी."

ड्रॅगननं रेग्यांना पापडासारखं भाजलं. ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा भाजले गेले, आणि मुक्ता हसत सुटली. स्मिता चहा ठेवून आत गेली. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उगाचच कुंडीला पाणी घालत राहिलो.

पुढे रेग्यांना कार्ड मिळालं. मशीन पुन्हा बांधून झालं. मी स्वतः जाऊन बघितलं, झकास चालतं. तरीही शनिवारी चारच्या आधी आमची बेल वाजते. वहिनी अजून नाशिकलाच आहेत.

"एक स्क्रू कमी पडतोय हो," रेगे दारातच सांगतात.

त्यांच्या घरातली लोणच्याची बरणी स्क्रूंनी गळ्यापर्यंत भरलेली मी बघितली आहे. मी खुर्ची पुढे सरकवतो. स्मितानं चहाचं आधण आधीच ठेवलेलं असतं.