चार सेकंदांचा नवरा

चंपाबाईंच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय दूधसुद्धा उतू जात नाही, हे जेसल पार्कातल्या त्यांच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसेल तर त्या स्वतःच सांगतात!

मंगळवारी जिन्यात चारचौघी जमल्या होत्या, तेव्हाही त्यांनी सुनावलंच. "ज्या बाईला नवऱ्यावर नजर ठेवावी लागते ना, तिचा संसार म्हणजे गळकी बादली! आमचे हे बघा. त्रेचाळीस वर्षं झाली. मला सांगितल्याबिगर शिंकतसुद्धा नाहीत!"

आणि बुधवारी सकाळी सून संचिताने सासऱ्यांचा शर्ट मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसा चाचपला. आतून सिनेमाची तिकिटं निघाली. एक नाही, दोन नाही, तीन! तीन दिवसांची, एकाच सिनेमाची, दुपारी बाराच्या खेळाची.

"आई, बाबा सिनेमाला गेले होते?"

"कोण, आमचे हे? ते टीव्हीसमोर बसले तरी जाहिरातीत घोरतात!"

संचिताने तिकिटं समोर धरली. 'सातव्या जन्माची सुट्टी'. हेमराज आणि मालविका वीस वर्षांनी पुन्हा एकत्र! एकेकाळी या जोडीचं नाव निघालं की बायका कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरत. आता हेमराजच्या डोक्यावर केस होते, पण ते ओल्या पायपुसण्यासारखे वरून ठेवलेले. गोष्ट अशी, की सहा जन्म संसार करून कंटाळलेलं जोडपं सातव्या जन्मी थेट स्वर्गात जातं आणि चित्रगुप्ताकडे एकमेकांपासून सुट्टी मागतं.

"इतका रटाळ आहे ना आई," संचिता म्हणाली, "तुमच्या रोहितच्या ऑफिसातले पाच जण गेले होते. इंटरव्हलला समोसा खायला बाहेर आले, ते परत आत गेलेच नाहीत. थेटरात काळं कुत्रं नसतं म्हणे!"

चंपाबाई दुसरीपर्यंतच शिकल्या. अक्षरओळख जेमतेम, पण माणूसओळख एम.ए.च्या वरची! त्यांनी तिकिटं पदराच्या टोकाला बांधली. वाईट सिनेमा एकदा चुकून बघतात. दुसऱ्यांदा माणूस वेडा असेल तर बघतो. तिसऱ्यांदा जो जातो, तो सिनेमा बघायला जातच नाही! थेटर रिकामं, अंधार गच्च, एसी थंडगार. आणि घरी काय सांगितलं होतं? "खाडीवर चक्कर मारून येतो!"

दुपारी नाथाराव घरी आले. वय सहासष्ट, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातून रिटायर, स्वभाव उकडलेल्या बटाट्याचा. चंपाबाईंनी ताट वाढलं आणि गोड आवाजात विचारलं, "खाडीला काल भरती होती का ओहोटी?"

नाथारावांचा घास हवेत थांबला. "अं... मध्यम होती."

मध्यम! चहात साखर मध्यम असते, भाजीत तिखट मध्यम असतं. खाडी मध्यम असते हे चंपाबाईंनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं!

संध्याकाळी नवरा आंघोळीला गेला तशी त्यांनी त्याचा फोन उघडला. वाचता येत नाही म्हणून काय झालं, फोटो बघायला शाळा लागत नाही! सरकवता सरकवता एका फोटोवर बोट थिजलं. नाथाराव! डोक्याला जरीचा फेटा, गळ्यात हार, मिशा काळ्याभोर. आणि शेजारी पिवळ्या साडीतली ठसठशीत बाई! तिच्याही गळ्यात हार! पुढे कुणीतरी पाटी धरलेली आणि पाटीवर आकडा. आकडे मात्र चंपाबाईंना येत होते.

सात.

"सातवी!" त्या मटकन पलंगावर बसल्या. "अगं बाई, मग मी कितवी?"

आता एकेक गोष्ट आठवायला लागली. गेल्या वर्षी या माणसाने अचानक मिशा रंगवल्या होत्या. विचारलं तर म्हणे, "सहज." आणि तेव्हाच तीन दिवस लागोपाठ काशीगावला गेला होता. कशाला? कारखान्यातल्या ईश्वरच्या घरी सत्यनारायण! आता तुम्हीच सांगा, तीन दिवस चालणारा सत्यनारायण कुणी पाहिलाय? एवढा तर खुद्द सत्यनारायणही बसून राहणार नाही!

त्यांनी कपाट उपसलं. स्वेटरच्या घडीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गजरा निघाला. वास घेतला. वासच नाही. प्लास्टिकचा!

'सवतीलासुद्धा प्लास्टिकचा!' असं म्हणून क्षणभर त्यांना बरं वाटलं. पण गजरा तो गजरा. त्रेचाळीस वर्षांत या माणसाने चंपाबाईंसाठी मोगऱ्याची एक कळी आणली नव्हती. त्रेचाळीस वटपौर्णिमा त्यांनी वडाला सूत गुंडाळलं, हाच नवरा सात जन्म मिळू दे म्हणून. आणि इथे नवऱ्याने सात जन्म एकाच जन्मात उरकायला घेतले होते! रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या. रडू येत होतं. पण चंपाबाईंनी ते पित्त समजून त्यावर जिरं खाल्लं.

गुरुवारी सकाळी फ्लेव्हिया आली. चौक गावची मासेवाली, वीस वर्षांचा घरोबा. चंपाबाईंनी तिला आत ओढलं आणि सगळं सांगितलं.

"नाथाभाऊ? तो तर बोंबलाहून मऊ हाय!" फ्लेव्हियाने कपाळावर, छातीवर क्रूस केला. "आनि सात? न्हाय बाय, माजा विश्वास न्हाय."

"पाटीवर लिहिलंय! संचिता म्हणते, आज त्या सिनेमाचा शेवटचा दिवस आहे, उद्या दुसरा लागतोय. आज धरायचं, रंगेहाथ! तू साक्षीला चल."

"चल. नाय तरी गुरुवारी निम्मं जेसल पार्क मासली खात न्हाय."

साडेअकराला नाथाराव 'खाडीवर' निघाले आणि बरोबर खाडीच्या उलट्या दिशेच्या रिक्षात बसले! मागून दुसऱ्या रिक्षात चंपाबाई, फ्लेव्हिया आणि फ्लेव्हियाची माशांची पाटी. मीरा रोडच्या मॉलपर्यंत रिक्षावाला नाकाला रुमाल लावून होता.

थेटरच्या दारात गार्डने अडवलं. "माताजी, बाहर का खाना अलाउड नहीं है।"

"ये खाना नहीं है बाबा," फ्लेव्हिया म्हणाली, "ये तो अभी कच्चा है! पकाने के बाद खाना होगा!"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत गार्डपुढे हा मुद्दा कुणी मांडला नव्हता. शेवटी त्याने पाटी दोन बोटांनी धरून बॅगांच्या कप्प्याशेजारी ठेवली आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला.

आत अंधार. मोजून सहा-सात डोकी. मधल्या रांगेत नाथाराव, आणि त्यांच्या शेजारी पिवळी साडी! दोघी डोक्यावरून पदर घेऊन, वाकून, पुढच्याच रांगेत त्यांच्या नेमक्या समोर जाऊन बसल्या. चंपाबाईंनी पडद्याकडे पाठ केली आणि खुर्च्यांच्या फटीतून मागे डोळा लावला. पडद्यावर हेमराज गात होता. थेटरात कुणीतरी जांभई दिली.

"आज तरी नीट पार पडू दे," पिवळी साडी कुजबुजली.

"आज शेवटचा दिवस," नाथाराव म्हणाले. "आज नाही तर कधीच नाही."

"तीनदा तुमचं काही ना काही राहूनच गेलं. आज डोळे मिटू नका हं!"

"नाही मिटत. दोन कप चहा पिऊन आलोय."

चंपाबाईंनी फ्लेव्हियाचा हात असा दाबला की तिची बांगडी वाकली. "ऐकलंस? चहा पिऊन आलाय!"

"अजून थांबायचं का धरायचं?"

"थांब. हाताला हात लागू दे."

पण मागे हाताला हात लागेना. दोघंही वर पडद्याकडे टक लावून, देव्हाऱ्यासमोर बसल्यासारखी! तेवढ्यात फ्लेव्हियाने कोपर मारलं. "चंपाबाय! वर बग! वर!"

चंपाबाई गर्रकन वळल्या. पडद्यावर स्वर्ग होता. धूर, घंटा, सोनेरी खांब आणि ओळीने उभी सात जोडपी. त्यातल्या शेवटच्या जोडप्यात तीच बाई, तीच पिवळी साडी, भिंतीएवढी! आणि तिच्या अंबाड्यात गजरा माळणारा एक हात. त्या हाताचा अंगठा चपटा. कारखान्यात प्रेसखाली सापडलेला. असा अंगठा उभ्या जगात एकच, आणि त्या अंगठ्याला चंपाबाईंनी सहा महिने हळद लावली होती!

त्या ताडकन उठल्या. दोन्ही हात पसरून पडद्यावर ओरडल्या, "अहो! लाज नाही वाटत? त्रेचाळीस वर्षांत मला कधी माळलात का गजरा? सोडा तिला! सोडा म्हणते ना!"

"अगं, खाली बस!" मागून आवाज आला.

"आता बसू? आता तर मी उभीच राहणार!"

"चंपा, सरक! सरक गं! अगं आला, आला... गेला!"

पडद्यावर स्वर्ग संपून चित्रगुप्त शिंकत होता. सबंध थेटर पहिल्यांदा पोट धरून हसलं. मागून एकजण टाळ्या वाजवत म्हणाला, "पूरे पिक्चर में यही एक सीन अच्छा था!"

नाथाराव खुर्चीत बसले होते ते पाणी गेलेल्या नळासारखे. आतून नुसती हवा.

बाहेर आल्यावर सगळं उलगडलं. पिवळी साडी म्हणजे गिरिजाबाई, काशीमिऱ्याच्या. त्यांचे यजमान बाबाजी शेजारच्या खुर्चीत इतके खाली घसरून झोपले होते की अंधारात दिसलेच नव्हते. त्यांना आता हलवून उठवून आणलं होतं. गेल्या वर्षी ईश्वर नाथारावांना काशीगावला शूटिंग बघायला घेऊन गेला होता. स्वर्गात उभं राहायला एक वयस्कर माणूस कमी पडत होता. नाथारावांना फेटा बांधून उभं केलं. जोडी नंबर सात!

"आणि तो फोटो?" चंपाबाईंनी विचारलं.

"ते कंटिन्यूटीसाठी काढतात," गिरिजाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी फेटा, मिशी, हार सगळं तसंच्या तसं दिसायला हवं ना. माझी ही साडीपण घरचीच नेली होती, म्हणून आज तीच नेसून आले."

"गजरा त्यांनीच सांभाळून ठेवायला सांगितला," नाथाराव पडेल आवाजात म्हणाले, "उद्या परत लागेल म्हणून. दुसऱ्या दिवशी शूटिंगच संपलं. परत कुणाला द्यायचा?"

"मला का सांगितलं नाही?"

"सीन कापला असता तर तू मला साती जन्म ऐकवलं असतंस. म्हटलं, आधी आपण बघून घेऊ, दिसलो तर तुला घेऊन येऊ. चार सेकंदांचा तर आहे. पहिल्या दिवशी त्या स्वर्गातल्या धुराने वाटलं चष्म्यावर वाफ आलीय, पुसेपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी एकजण समोसे घेऊन समोर उभा राहिला. तिसऱ्या दिवशी झोप लागली."

"आणि आज?"

नाथारावांनी वर पाहिलं. "आज तू उभी राहिलीस."

चंपाबाईंनी स्वतःच्या तोंडावर पदर दाबला. हे त्रेचाळीस वर्षांत दुसऱ्यांदा घडत होतं. पहिल्यांदा दाढदुखी होती.

"उद्या उतरतोय सिनेमा," नाथाराव म्हणाले. मग त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "पण तू पाहिलंस ना? सांग ना गं, कसा दिसत होतो?"

चंपाबाईंनी फ्लेव्हियाकडे पाहिलं. फ्लेव्हिया खाली मान घालून पुटपुटली, "मी तर साडी वलखली आनि मंग हेमराजला बगत व्हते." गिरिजाबाई स्वतःकडेच बघत होत्या. बाबाजी तर स्वप्नात होते.

"रुबाबदार!" चंपाबाई ठसक्यात म्हणाल्या. "हेमराज पाणी भरेल असे दिसत होतात! चला आता, पाटी घ्या, तो गार्ड बेशुद्ध पडायच्या आत!"

संध्याकाळी त्या अंबाड्यात प्लास्टिकचा गजरा माळून जिन्यात उभ्या राहिल्या. कुणीतरी विचारलंच, "चंपाबाई, तो सिनेमा एवढा वाईट आहे म्हणे?"

"कोण म्हणतं? चार सेकंदांचाच आहे, पण उत्तम आहे!"

तेव्हापासून रोज जेवताना नाथाराव विचारतात आणि चंपाबाई रोज काहीतरी नवीन सांगतात. कधी फेटा शोभत होता, कधी नजर कशी राजासारखी होती, कधी मिशीला काय पीळ होता! नाथाराव एक पोळी जास्त खातात.

खरं सांगायचं तर चंपाबाईंनी पडद्यावर फक्त अंगठा आणि गजरा पाहिला. अंगठ्याच्या वर माणूस होता की नव्हता, देव जाणे. पण काल संचिताने आनंदाने सांगितलं, "आई, पडलेले सिनेमे टीव्हीवर लवकर येतात! पुढच्या महिन्यात घरबसल्या बघू!"

तेव्हापासून चंपाबाई केबलवाल्याला सारख्या विचारतायत, "बाबा रे, एखादा चॅनल कायमचा बंद करता येतो का?"